दुसरी किल्ली

खडे बाजारात माझं फ्रेमचं दुकान.
देव, लग्नाचे फोटो, दहावीला पहिली आलेली मुलं,
आणि कॅम्प जवळ असल्यामुळे
वर्षाला वीस-पंचवीस छात्या.
छात्याच म्हणतो मी. माणूस नसतो,
डाव्या खिशावरचं तेवढं येतं,
रिबिनीसकट, मोजून, सहीनिशी.

तुळसा अष्टेकर बिजगर्णीच्या पहिल्या बसने आली,
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात चार पदकं.
डब्याला अजून खव्याचा वास.
सोबत दीर, तोच बोलत होता.
मखमल लाल नको, हिरवी. काच जाड. नाव मोठं.

मी एकेक पदक उचलून कडा बघितल्या.
नवख्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं,
नाव तोंडावर नसतंच, कडेवर असतं,
मुंग्यांची रांग गेल्यासारखं बारीक,
नंबर, हुद्दा, जे. बी. अष्टेकर.
फ्रेमीत बसलं की ते दिसायचं बंद.
तिला तसं सांगितलं. तिने चारही कडांवरून
अंगठ्याचं नख फिरवलं, एकदाच,
परातीतल्या भाकरीची कड चाचपावी तसं.

पितळी पट्टीवर अक्षरं कुठली, यात तास गेला.
दीर म्हणाला, मराठी.
पैसे पंचायतीचे, तेव्हा वर कन्नड,
असं मास्तरांनी सांगून पाठवलेलं.
माझा इराप्पा दोन्ही कोरतो, दर एकच.
शेवटी तीच म्हणाली, "नंबर घाला की वो.
पत्रावर तोच घालत होते मी."
आकडे इंग्रजी. त्यावर कुणाचं काही नव्हतं.

मग कनवटीची किल्ली काढली.
पलटणीतून ट्रंक आली तेव्हा सोबत यादी होती:
कंगवा एक. घड्याळ एक, बंद.
हातविणीचा स्वेटर एक. साबण अर्धा.
किल्ली एक, कुलूप नाही.

यादी करणाऱ्या कारकुनाला काय माहीत,
कुलूप बिजगर्णीत होतं,
ज्या दाराला लागायचं त्याची चौकटही बसली नव्हती तेव्हा.
शेवटच्या सुट्टीत घराआधी कुलूप आणलं त्याने,
दोन किल्ल्यांचं. एक तुला, एक मला.
"गाडी रात्री-अपरात्री पोचती. तुला कशाला उठवू?"

"ही पण घाला. मधे."
दीर म्हणाला, वहिनी, पदकांत किल्ली?
लोक काय म्हणतील?
पदकं कुठल्या क्रमाने लावायची याचे नियम आहेत, मला पाठ आहेत.
किल्लीबद्दल त्यात काही नाही.
मी मधोमध जागा केली.

मागून खिळे ठोकायला घेतले तर तिने हातोडीच धरली.
"खिळे नको. उघडायला येऊ दे."
दोन आकडे लावून दिले.
जाताना दारातून परत फिरली,
"डबा द्या की. चांगला हाय."

सात वर्षांनी आली. एकटी. फ्रेम चादरीत गुंडाळून.
वाटलं, काच तडकली असेल.
उलगडलं तर चार पदकं जागच्या जागी,
मधे किल्ली नाही, किल्लीचा ठसा,
उडालेल्या हिरव्यात तेवढंच गडद हिरवं,
दातसुद्धा मोजून घ्यावेत.

"पोरगी बेळगावात कॉलेजला जाती.
शेवटच्या बसने येती, नऊ-साडेनऊ होतेत.
मला कुठलं तवर जागायला होतंय?"
जरा थांबली.
"पहिल्यांदा अडली. कधी घातलीच नव्हती कुणी.
खोबरेल सोडलं, मग फिरली."

मी म्हटलं, मखमल बदलून देतो, पैसे नकोत.
"राहू दे ती. हे आकडे काढा," म्हणाली,
"खिळे मारा आता."

मारले. सहा.
सातवा घ्यायला वाकलो तेव्हा
ती रस्त्यापलीकडच्या बसची पाटी वाचत होती,
वरची कन्नड ओळ, बोट हवेत फिरवत,
एकेक अक्षर लावून.